कोऱ्या चौकटीत पहिला प्रश्न कोणता लिहावा?

वाचकाचे पत्र : मी यावल तालुक्यातील एका गावात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षे शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दिवाळीत पुण्याहून आलेल्या मुलाने माझ्या मोबाइलमध्ये एआयचा चॅटबॉट घालून दिला आणि घरातला जुना संगणकही सुरू करून दिला. तो परत गेल्यापासून ती कोरी चौकट उघडली की काय विचारावे हेच सुचत नाही. यजमानांच्या सांगण्यावरून एकदा केळीचा आजचा भाव विचारला, तर आलेला आकडा ऐकून व्यापारी हसला. तेव्हापासून घरात हा पोरखेळ ठरला आहे. मला मात्र शिकायचे आहे. मी महिला बचत गटाची सचिव आहे, अर्ज आणि ठराव मलाच लिहावे लागतात. मोबाइल बरा की संगणक? पैसे भरावे लागतात का? काही चुकीचे दाबले गेले तर बँकेतून रक्कम जाईल का? केळीच्या पानाचा फोटो दाखवून रोग ओळखता येतो असे ऐकले, ते खरे का? आणि आमची लेवा बोली त्याला कळेल का? सविस्तर उत्तर द्यावे.

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

व्यापारी हसला, या एका वाक्यापासूनच मी उत्तराला सुरुवात करतो. जळगाव, भुसावळ, चोपडा या भागांत चॅटबॉटकडे उत्साहाने वळलेली आणि आठवडाभरातच त्याच्याकडे पाठ फिरवलेली जी माणसे मी पाहिली, त्यांतील बहुतेकांचा विश्वास अशाच एखाद्या पहिल्या उत्तराने उडालेला होता. यात आपली काही चूक नाही. जो प्रश्न त्याला सर्वांत कमी जमतो, नेमका तोच आपल्याकडून पहिला विचारला गेला, एवढेच झाले.

रावेरचा किंवा बऱ्हाणपूरचा केळीचा भाव रोज बदलतो, त्यातही नवती, पिलबाग, कांदेबाग अशा निरनिराळ्या लागवडींच्या केळीचे भाव वेगवेगळे निघतात, आणि बागेत येऊन घड पाहिल्यावर व्यापारी जो भाव देतो तो पुन्हा निराळाच असतो, हे आपल्या घरात नव्याने सांगायला नको. चॅटबॉट हा बाजार समितीचा फलक नाही. पुस्तके, वर्तमानपत्रे, संकेतस्थळे अशा अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दांमागून कोणते शब्द येण्याचा संभव अधिक, याचे सूक्ष्म अंदाज त्याला शिकवलेले असतात, आणि आपण प्रश्न विचारला की त्या अंदाजांच्या बळावर तो एकेक तुकडा जोडत उत्तर रचत जातो. हे शिक्षण एका ठरावीक तारखेपर्यंतच्या मजकुरावर झालेले असते. त्यानंतरचे काही हवे असेल तर त्याला इंटरनेटवर शोध घ्यावा लागतो, आणि दर वेळी तो शोध घेतोच असे नाही. न शोधता सांगितलेला भाव हा जुन्या बातम्यांतील आकड्यांच्या वळणाचा एक आकडा असतो. तो वाचायला खरा वाटतो, पण त्याच्यामागे त्या दिवशीचा कोणताही व्यवहार नसतो. म्हणून ताजी माहिती हवी असेल तेव्हा ‘इंटरनेटवर शोधून सांगा, माहिती कोणत्या तारखेची आहे आणि कोठून घेतली तेही लिहा’ असे स्पष्ट लिहावे, उत्तराखाली दिलेला दुवा उघडून तारीख स्वतः पाहावी, आणि तारीख सापडली नाही तर तो भाव नसल्यातच जमा धरावा. केळीच्या भावापुरते बोलायचे तर मी यजमानांना आजही गावातल्या चार बागायतदारांना फोन करण्याचाच सल्ला देईन.

मग पहिला प्रश्न कोणता? ज्याचे उत्तर आपल्याला आधीच पक्के ठाऊक आहे, तो. माझे या बाबतीतले सगळे सांगणे या एका गोष्टीवर उभे आहे, म्हणून ते जरा विस्ताराने लिहितो. वर्गात नवा विद्यार्थी आला की आपण त्याच्या हाती लगेच फळ्यावर लिहायचे काम देत नाही. त्याला काय येते, कुठे अडखळते, न येणाऱ्या प्रश्नाला तो गप्प राहतो की ठोकून देतो, हे चार दिवस पाहतो. चॅटबॉटशी पहिले आठ दिवस तसेच वागावे. नंदुरबार जिल्हा कधी झाला ते विचारा. १ जुलै १९९८ रोजी तो धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला हे आपल्याला ठाऊक आहे. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये झाले, तापीचा उगम मध्य प्रदेशात मुलताईला आहे, तापी आणि पूर्णा चांगदेवजवळ मिळतात, जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, असे प्रश्न एकामागून एक विचारून पाहा. ज्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे, तिथे उत्तरे बहुधा बरोबर येतील.

त्यानंतर हळूहळू घराच्या दिशेने या. आपल्या तालुक्याविषयी विचारा, मग गावाविषयी, गावाच्या जत्रेविषयी, आपल्या घरी कानबाई कशी बसवतात आणि रोट कसे करतात त्याविषयी. एका टप्प्यावर आपल्या लक्षात येईल की उत्तर आता घसरू लागले आहे: कानबाईच्या वर्णनात भलत्याच देवीच्या उत्सवातील गोष्टी आल्या आहेत, गावाजवळून न वाहणारी नदी वाहू लागली आहे, नसलेले देऊळ प्राचीन ठरले आहे. आणि ताई, या साऱ्या खटाटोपात पाहण्याजोगी गोष्ट अशी की उत्तर बरोबर असो वा चूक, बोलण्याचा सूर शेवटपर्यंत सारखाच ठाम राहतो. माणूस अडखळला की त्याच्या आवाजावरून आपल्याला संशय येतो. इथे तो आधार मिळत नाही. अलीकडची काही प्रारूपे, म्हणजे चॅटबॉटच्या मागची मॉडेल्स, ‘मला निश्चित माहिती नाही’ असे पूर्वीपेक्षा अधिक वेळा म्हणतात हे खरे, पण त्यावर विसंबून राहता येत नाही. म्हणून तो सूर कानाला ओळखीचा व्हावा आणि त्याला भुलायचे नाही याची सवय लागावी, यासाठी हे आठ दिवस द्यायचे.

हे मी स्वतः पोळून शिकलो. एका वाचकाच्या निवृत्तिवेतनाच्या अडचणीसंबंधी मला एक शासन निर्णय हवा होता. मी एका चॅटबॉटला विचारले आणि त्याने विभागाचे नाव, क्रमांक, तारीख यांसह निर्णय समोर ठेवला. क्रमांकाची मांडणी अगदी खऱ्या शासन निर्णयासारखी होती. शासनाच्या संकेतस्थळावर अर्धा दिवस शोधूनही तो सापडेना. मी तसे कळवल्यावर त्याने क्षमा मागितली आणि तितक्याच खात्रीने दुसरा क्रमांक दिला. तोही नव्हताच. पहिल्याच क्रमांकावर विश्वास ठेवून मी उत्तर छापायला दिले असते तर त्या वाचकाने तो कागद घेऊन कोषागाराच्या खिडकीशी वाद घातला असता, या विचाराने आजही मला अस्वस्थ वाटते. तेव्हापासून क्रमांक, तारीख, रक्कम, औषधाचे प्रमाण, कायद्याचे कलम आणि कोणाच्या तोंडचे वाक्य, एवढ्या गोष्टी मी चॅटबॉटच्या उत्तरातून तशाच्या तशा कधीही उचलत नाही. मूळ कागद पाहतो, आणि मूळ कागद मिळाला नाही तर ती गोष्ट वापरत नाही.

एवढे सावधपण असेल तर याचा उपयोग काय, असे आपल्या मनात येईल. उपयोग फार मोठा आहे, आणि तो आपल्यासारख्या लिहिण्याचे काम अंगावर असणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त आहे. माहिती आपली असते आणि त्याने फक्त शब्दांची जुळणी करायची असते, अशा कामात तो मनापासून मदत करतो. बचत गटाचेच उदाहरण घेऊ. नुसते ‘बँकेला अर्ज लिहून द्या’ असे लिहिले तर कोणत्याही बँकेला, कोणीही, कशासाठीही लिहिलेला असावा असा निर्जीव अर्ज मिळेल. त्याऐवजी, गावात नव्याने आलेल्या एखाद्या हुशार कारकुनाला समोर बसवून आपण जसे सगळे सांगू, तसे लिहावे: ‘मी यावल तालुक्यातील एका गावात महिला बचत गटाची सचिव आहे. गटात ११ सदस्य आहेत. दोन महिन्यांपासून गटाच्या पासबुकात नोंदी करून मिळालेल्या नाहीत, त्यामुळे मासिक बैठकीत हिशेब वाचता येत नाही. शाखा व्यवस्थापकांना एका पानाचा मराठी अर्ज लिहा. भाषा नम्र असावी, पण मागणी स्पष्ट असावी. कर्जाचा उल्लेख नको. खाते क्रमांक, तारीख आणि सह्या यांच्या जागा मोकळ्या सोडा.’

याचे उत्तर काही सेकंदांत येईल आणि ते पहिल्याच फटक्यात पसंत पडेल असे समजू नका. ‘आपणास विनम्रपणे कळवू इच्छिते की’ अशा थाटाची वाक्ये त्यात हमखास असतात. मग आपण वहीवर लाल शाईने लिहिले असते तसेच त्याला लिहावे: पहिले वाक्य काढा, ‘समस्या’ऐवजी ‘अडचण’ म्हणा, दुसरा परिच्छेद निम्मा करा, बैठकीची गोष्ट आधी घ्या. सगळे पुन्हा सांगण्याची गरज नसते. एका संभाषणात आधी झालेले बोलणे त्याच्या समोर असते. त्याला वाईट वाटत नाही आणि दहाव्यांदा दुरुस्ती सांगितली तरी तो कंटाळत नाही, तेव्हा संकोच सोडावा. विषय बदलला की मात्र ‘नवीन चॅट’ दाबून कोरे पान घ्यावे, नाहीतर अर्जातल्या गोष्टी नातवाच्या निबंधात डोकावतात. अर्ज मनासारखा झाला की मी तो हाताने उतरवून काढायला सांगेन, निदान पहिले चार-पाच तरी, कारण उतरवताना डोळ्यांतून सुटलेली चूक हाताला सापडते.

इंग्रजीत आलेले पत्र समजून घेणे, लांबलचक परिपत्रक त्याला देऊन ‘यात आमच्या गटाने काय करायचे आहे तेवढेच सोप्या मराठीत सांगा’ असे विचारणे, नातवाला अपूर्णांक शिकवण्यासाठी भाकरीच्या तुकड्यांची दहा उदाहरणे मागणे, ही कामेही याच जातीची आहेत. शेवटच्या कामात उत्तरे आपण स्वतः तपासालच.

आता मोबाइल की संगणक. सुरुवात मोबाइलवर करावी आणि लिहिण्याचे काम वाढले की संगणकावर यावे, असे माझे मत आहे. मोबाइलवर बोलून विचारता येते हा मोठा लाभ आहे: टंकफलकावर माइकचे चिन्ह असते, भाषा मराठी निवडलेली असली की आपण बोलतो ते देवनागरीत उमटते. शिक्षिकेच्या स्पष्ट उच्चारांत ते बहुधा नीट उमटते, फक्त गावांची नावे आणि आकडे पाठवण्यापूर्वी वाचून घ्यावेत. गुगलच्या जीबोर्ड या टंकफलकात मराठी जोडली की रोमन अक्षरांत लिहूनही देवनागरी मिळते, आणि बोटाने पडद्यावर अक्षरे गिरवण्याचीही सोय आहे. ही दुसरी सोय आपल्याला विशेष आवडेल असे वाटते.

संगणकावर ॲप घेण्याची गरज नाही. क्रोम किंवा एज यांपैकी एक ब्राउझर उघडून चॅटबॉटचे संकेतस्थळ गाठले आणि मोबाइलवरच्याच खात्याने प्रवेश केला की मोबाइलवर केलेली संभाषणे तिथे बाजूच्या यादीत दिसतात. संगणक जुना आहे याची फार चिंता नको, कारण उत्तर तयार करण्याचे खरे काम दूरच्या सर्व्हरवर होते आणि आपल्या यंत्राला फक्त पान दाखवायचे असते. मात्र एक गोष्ट मुलाला फोन करून विचारा: त्यात विंडोजची कोणती आवृत्ती आहे? विंडोज ७ असेल तर तिला जानेवारी २०२० पासून सुरक्षा सुधारणा मिळत नाहीत आणि २०२३ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्याही तिच्यावर चालत नाहीत, त्यामुळे नवी संकेतस्थळे अर्धवट उघडतात. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. चॅटबॉट त्यावर चालेल, पण त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार मी करणार नाही. टंकनासाठी विंडोजच्या भाषा सेटिंग्जमध्ये ‘मराठी फोनेटिक’ जोडून घ्यावे; मग विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की इंग्रजी आणि मराठी अशी अदलाबदल होते. आणखी एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे नवखी माणसे गोंधळतात: संगणकावर एंटर दाबले की मजकूर जागच्या जागी पाठवला जातो. खालच्या ओळीवर जायचे असेल तर शिफ्ट धरून एंटर दाबावे.

आपल्या संगणकात शाळेच्या काळातील प्रश्नपत्रिका, अहवाल असे जुने लेखन असेलच, आणि ते बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल. तो मजकूर चॅटबॉटच्या चौकटीत चिकटवला तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. आपले काही बिघडले असे समजून घाबरू नका. त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असत, तर आजची यंत्रणा युनिकोडवर, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीवर, चालते, म्हणून हे घडते. सोपा मार्ग असा की तो कागद छापून घ्यावा किंवा पडद्यावर मोठा करावा, मोबाइलने त्याचा स्वच्छ उजेडात फोटो काढावा आणि ‘यातील मजकूर जसाच्या तसा देवनागरीत लिहून द्या, स्वतःहून काही बदलू नका’ असे सांगावे. छापील अक्षर तो चांगले वाचतो. जोडाक्षरे तेवढी तपासावीत.

कोणता चॅटबॉट घ्यावा यावर मी फार शब्द खर्च करणार नाही. ओपनएआयचा चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुला झाला. त्यानंतर गुगलचा जेमिनी, अँथ्रॉपिकचा क्लॉड, मायक्रोसॉफ्टचा कोपायलट असे अनेक आले. सगळ्यांना मराठी येते आणि वर सांगितलेल्या कामांसाठी त्यांच्या विनामूल्य आवृत्त्या पुरतात. मुलाने जो घालून दिला आहे तोच महिनाभर वापरा. व्हॉट्सॲपमध्ये जे रंगीत वर्तुळ दिसते तो मेटा एआय. त्यालाही विचारता येते, पण त्याला लिहिलेला मजकूर मेटा कंपनीकडे जातो, मैत्रिणीला पाठवलेल्या खासगी निरोपासारखा तो दोघींतच राहत नाही.

पैशांच्या भीतीविषयी. चॅटबॉटच्या विनामूल्य आवृत्तीचा आपल्या बँक खात्याशी कोणताही संबंध नसतो, त्यामुळे उत्तरे मागताना चुकून काही दाबले गेले म्हणून रक्कम जाणार नाही. दिवसाची मर्यादा संपली की काही तास थांबायला सांगितले जाते, किंवा सशुल्क आवृत्ती घ्या असा फलक येतो. तो बंद करावा. रक्कम जाते ती आपण स्वतः कार्डाचा क्रमांक भरला किंवा यूपीआयचा पिन टाकून ऑटोपेला, म्हणजे आपोआप होणाऱ्या कपातीला, मान्यता दिली तरच. ‘इतके महिने मोफत’ अशा सवलतीत पुष्कळदा हीच मान्यता आधी घेतली जाते आणि मुदत संपल्यावर दरमहा कपात सुरू होते. तेव्हा मुलाशी बोलल्याशिवाय मोफत म्हणूनही काही स्वीकारू नये.

खरा धोका वेगळ्याच बाजूने येतो. प्रसिद्ध नावांशी मिळतीजुळती नावे आणि चिन्हे घेऊन बनावट ॲप फिरतात. म्हणून प्ले स्टोअरमध्ये ॲपच्या नावाखाली बनवणाऱ्या कंपनीचे नाव वाचावे, आणि व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल, मग ती एआयच्या नावाने असो, पीक विम्याच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने असो, कधीही उघडू नये. अशा फाइली मोबाइलमधील संदेश वाचून ओटीपी पळवतात. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक.

चॅटबॉटला काय सांगू नये तेही याच ओघात सांगतो. आधार, पॅन, खाते क्रमांक, पिन, ओटीपी, गटातील महिलांची नावे आणि त्यांच्या कर्जाचे आकडे त्यात लिहू नयेत. विनामूल्य आवृत्तीतील संभाषणे पुढील प्रारूप घडवण्यासाठी वापरली जाऊ शकतात. ते नको असेल तर सेटिंग्जमध्ये त्याचा पर्याय बंद करता येतो, आणि ते पहिल्याच दिवशी मुलाकडून फोनवर विचारून करून घ्यावे. बँकेच्या पत्राचा फोटो द्यायचा असेल तर खाते क्रमांकावर कागदाची पट्टी ठेवून मग फोटो काढावा. गटातल्या एखाद्या बाईच्या घरची गोष्ट सल्ला मागण्यासाठी लिहाविशी वाटली, तर तिचे नाव आणि गाव वगळून लिहावी. तिने ती आपल्याला विश्वासाने सांगितलेली असते.

आता केळीच्या पानाचा फोटो. फोटो पाहून चॅटबॉट उत्तर देतो हे खरे आहे, आणि त्या उत्तरावरून बागेत निर्णय घेऊ नये हेही तितकेच खरे आहे. रावेरकडच्या एका स्नेह्याच्या बागेत कोवळ्या झाडांच्या पानांवर पिवळसर पट्टे दिसू लागले होते. त्यांच्या मुलाने सकाळच्या उजेडात एक फोटो काढून विचारला, तर लोहाची कमतरता असे उत्तर आले. दुपारी दुसऱ्या पानाचा फोटो दिला, तर मॅग्नेशियमची. दोन्ही उत्तरांत फवारणीचे प्रमाणही दिलेले होते. प्रत्यक्षात तो सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस या विषाणूचा रोग निघाला, ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात. या विषाणूवर औषध नाही. मावा ही कीड त्याचा प्रसार करते, आणि रोगट झाड दिसताच मुळासकट उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करणे एवढाच उपाय हाती असतो. कमतरता समजून खते देत आठ-दहा दिवस घालवले तर तेवढ्या दिवसांत मावा तो रोग शेजारच्या ओळींत आणि शेजाऱ्याच्या बागेतही नेऊन पोहोचवतो. त्या मुलाने दोन उत्तरे जुळत नाहीत हे पाहून पोंगा, म्हणजे शेंड्याचे न उलगडलेले पान, आणि इतर पाने दाखवायला तज्ज्ञांकडे धाव घेतली, म्हणून बाग बरीचशी वाचली.

याचा अर्थ फोटो दाखवूच नये असा नाही. प्रश्नाचे वळण बदलावे. ‘हा कोणता रोग आहे’ असे न विचारता ‘अशी लक्षणे कोणकोणत्या कारणांनी दिसू शकतात, आणि त्यांतला फरक ओळखण्यासाठी मी बागेत काय काय पाहावे’ असे विचारावे. मग पट्टे पानाच्या कडेपासून आहेत की शिरांच्या मधे, पोंगा सडतो आहे का, मावा दिसतो का, जवळ काकडीवर्गीय पीक आहे का, अशी तपासणीची यादी मिळते, आणि ती यादी घेऊन यजमान पालच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्रात गेले तर त्यांचे बोलणे नेमके होते. फवारणीचे प्रमाण मात्र बाटलीवरच्या पत्रकावरून आणि तज्ज्ञांकडूनच घ्यावे. फळपीक विम्याच्या तारखांनाही हाच नियम लावावा, कारण त्या दरवर्षी नव्याने जाहीर होतात आणि चॅटबॉट गेल्या वर्षीची तारीख यंदाची म्हणून सांगू शकतो.

शेवटी आपल्या बोलीविषयी. आपण लेवा बोलीत विचारलेत तर त्याला बहुतेक कळेल, कारण मराठीच्या आधाराने तो अर्थ लावतो. बोलीत उत्तर द्या म्हटले की मात्र त्याची तारांबळ उडते. प्रमाण मराठीतलाच मजकूर इंटरनेटवर इंग्रजीच्या मानाने फार थोडा आहे. अहिराणी आणि लेवा या आपल्या खानदेशी बोलींचा तर त्याहून कितीतरी थोडा. मी अहिराणीत चार वाक्ये मागितली तेव्हा एका वाक्यात ‘आहे’साठी अहिराणीतले ‘शे’ आले, दुसऱ्यात प्रमाण मराठीतले ‘आहे’, आणि तिसरे वाक्य वऱ्हाडीकडे झुकलेले होते. मला ते वाचून वाईट वाटले, पण तिथेच आपल्यासाठी एक काम दिसले. आपल्याला बोली येते, लिहिता येते, आणि शिकवण्याचा हात आहे. रोज रात्री आठवतील ते पाच-दहा शब्द, त्यांचे अर्थ आणि घरात बोलले जाणारे एकेक वाक्य त्याच एका संभाषणात लिहीत जावे, आणि महिन्याच्या शेवटी ‘मी दिलेलेच शब्द वर्णानुक्रमे लावा, स्वतःचा एकही शब्द किंवा अर्थ घालू नका’ असे सांगून त्याची यादी करून घ्यावी. ती यादी आपल्या वहीशी ताडून पाहावी. त्याने मधेच एखादा शब्द पदरचा घातलेला असेल तर तो आपल्या नजरेतून सुटणार नाही.

अडेल तिथे अवश्य लिहावे. यजमानांना नमस्कार सांगावा.

कळावे, लोभ असावा.